अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राची संध्याकाळ

सोमवार. काल झावळ्यांचा रविवार होता, ईस्टरच्या आधीचा. नवीन पनवेल.

पप्पा, इतकी वर्षं तुम्हाला काही लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुम्ही गेलात त्या पहिल्या वर्षी मी डायरी तुम्हालाच उद्देशून लिहायचे. मग एके दिवशी मागची पानं वाचताना लक्षात आलं की तुम्हाला पटणार नाही असं एकही वाक्य मी त्यात लिहिलेलं नाही. गेलेल्या माणसाला खूश ठेवण्यासाठी लिहिणं मला खोटं वाटलं आणि मी थांबले. आज लिहायला बसले आहे, कारण आज तुमच्याशी भांडायचं आहे आणि या खेपेला भांडण अर्धवट सोडायचं नाही असं ठरवलं आहे.

काल प्रभुभोजन होतं. तुमची नात उठली नाही. तुम्ही तिला शेवटचं पाहिलंत तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती, आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा बाक उठला, तुमचे जावई पुढे झाले, मी तिच्याकडे वळले, तर तिने गुडघे बाजूला करून मला वाट दिली. हळूच म्हणाली, "तू जा." आपल्या मंडळीत प्रभुभोजनाला न उठणं म्हणजे मनात पाप आहे किंवा विश्वास सुटला आहे असंच लोक धरतात, ते तुम्हाला सांगायला नको. मागच्या बाकावरच्या काकू तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत होत्या. मी वेदीपाशी गुडघे टेकले, भाकर घेतली, आणि माझ्या मनात प्रभूचा विचार नव्हता. मागे एकटी बसलेली ती होती.

गेली दोनेक वर्षं ती मैत्रिणींबरोबर कळंबोलीला प्रार्थनेच्या एका फेलोशिपमध्ये जाते. हॉल आहे, गिटार आहे, ढोल आहे, लोक हात वर करून गातात आणि रडतात. मी दोनदा गेले होते. तिथे टिंगल करण्यासारखं मला काही दिसलं नाही. दिवसभर लोखंडाच्या गाड्या खाली करून आलेला एक माणूस माझ्या शेजारी उभा राहून लेकरासारखा रडत होता, आणि मला त्याचा हेवा वाटला. तीही तेव्हा रडायची. घरी यायची ती धुतलेल्या चेहऱ्याने, भाजी निवडतानाही गुणगुणायची. दिवाळीनंतर कधीतरी ते थांबलं. गाणी तीच, हॉल तोच, हिला काहीच होईना. तिने तिथे प्रार्थना चालवणाऱ्या ब्रदरना सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, काहीतरी आडवं येतंय. शोध आणि कबूल कर." तेव्हापासून ती शोधते आहे. शाळेतल्या एका मैत्रिणीला तिने फोन करून माफी मागितली, सातवीत तिची चित्रकलेची वही लपवली होती म्हणून. त्या मुलीला काही आठवतही नव्हतं. ती म्हणाली, "अगं, तू बरी आहेस ना?" हे सांगताना तुमची नात हसली, पण ते हसणं बघवत नव्हतं.

काल संध्याकाळी मी शेवग्याच्या शेंगा सोलत होते, ती ओट्याला टेकून उभी होती.

"मम्मी, खरं सांगशील? प्रार्थना करताना तुला काही वाटतं?"

"वाटतं की. कधी कधी."

"कधी कधी म्हणजे?"

"म्हणजे क्वचित."

"शेवटचं कधी?"

मी शेंग खाली ठेवली. खोटं बोलायचं नाही, एवढंच मनात होतं. "तू पहिलीत असताना तुला डेंग्यू झाला होता, तेव्हा."

"तेव्हापासून काहीच नाही? आणि दर रविवारी दुसऱ्या बाकावर जाऊन बसतेस? जागा धरून?"

"तुझ्या बाबांना पंख्याखालची जागा लागते."

"जोक नको ना. काही वाटत नाही तर जातेस कशाला?"

माझ्या तोंडून तुमचं वाक्य आलं. विचार करून आलं नाही, उचकी यावी तसं आलं. विश्वास भावनेवर उभा नसतो, वचनावर उभा असतो.

"हे आजोबांचं आहे ना?" ती म्हणाली. "ऐकलंय. पाठ आहे. मग आजी गेली तेव्हा आजोबांना काय वाटलं? की तेव्हाही वचनच?"

पप्पा, त्या दिवसाबद्दल मी आजवर कोणाला काही सांगितलं नव्हतं. काल तिला सांगितलं. तुम्हालाही सांगते, कारण तुम्ही तिथे होतात तरी माझ्या जागेवर नव्हतात.

मी तेरा वर्षांची आहे. दफनभूमीत गवत कापून ठेवलेलं आहे, त्याचा वास येतो आहे. पेटी खाली जाते आणि माझ्या छातीतून एक आवाज निघतो. तो माझा आहे हे मला आधी कळतच नाही. तुम्ही माझं मनगट धरता. जोरात नाही, पण सुटणार नाही असं. "पुरे," तुम्ही म्हणता. "आपल्याला आशा आहे. आशा नसलेल्यांसारखं रडायचं नाही." मी गप्प होते. माझ्या गप्प होण्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. पोर बापासारखी खंबीर आहे म्हणाले. मग आपण घरी आलो, तळ्याजवळच्या त्या दोन खोल्यांत, आणि शेजारच्या खालाने मला हाताला धरून तिच्या स्वयंपाकघरात नेलं. तिचा नवरा कुवेतला असायचा, आईची आणि तिची पापलेटापासून पापडापर्यंत देवाणघेवाण. तिने मला पाटावर बसवलं आणि म्हणाली, "रड गो बेटी. पोटात ठेवू नको. अल्लाने डोळ्यांत पाणी उगाच नाय दिलेलं." तुम्ही मला न्यायला दारात आलात. ते ऐकलंत आणि म्हणालात, "वहिनी, आमच्यात आशा आहे." खाला पदर सावरून उभी राहिली, पण वळली नाही. "आशा आमच्यात पण हाय, भाऊ. पोरीची आई गेली ना." तुम्ही दारातून परत गेलात. मला तिथेच ठेवून गेलात, हेही मी नोंदवते.

संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना. तुमचा नियम सगळ्या नातेवाइकांना माहीत होता. रोज बायबलातलं एक स्तोत्र, क्रमाने, पहिल्यापासून दीडशेपर्यंत, आणि संपलं की पुन्हा पहिलं. लांब आहे म्हणून अर्धं नाही, आवडतं आहे म्हणून दोनदा नाही. नाताळ असो की माझी परीक्षा, जे येईल ते. त्या दिवशी घर भरलेलं होतं, नगरहून आत्या आली होती, मुलं चटईवर दाटीवाटीने बसली होती. तुम्ही पुस्तक उघडलंत आणि आत्या म्हणाली, "दादा, आज तेविसावं वाच. लेकरं भेदरलीत." मेंढपाळाचं ते स्तोत्र आम्हा सगळ्यांना पाठ होतं. तुम्ही म्हणालात, "काल सत्त्याऐंशी झालं. आज अठ्ठ्याऐंशी." आदल्या संध्याकाळी तुम्ही दवाखान्याच्या व्हरांड्यात होतात. सत्त्याऐंशीवं तिथे एकट्यानेच वाचलं असणार.

आणि तुम्ही ते वाचलंत. दुःखाची पुष्कळ स्तोत्रं आहेत, पण बहुतेकांना शेवटी एक खिडकी असते. तक्रार करणारा माणूस शेवटच्या ओळींत तरी देवाची स्तुती करतो. या एका स्तोत्राला खिडकी नाही. तो देवाला हाका मारतो, कबरेच्या गोष्टी बोलतो, माझी माणसं तू माझ्यापासून दूर केलीस म्हणतो आणि अंधारावरच थांबतो. तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत सारख्या आवाजात वाचलंत, तुमच्या कामावरच्या प्लांटची सूचना वाचावी तसं. आमेन म्हणालात आणि मग म्हणालात, "जेवून घ्या." मला वाटलं, हा माणूस दगड आहे. तीस वर्षांहून जास्त काळ मला तसंच वाटत होतं.

काल हे सांगून झाल्यावर तिने ओट्यावरची एक शेंग उचलून परत ठेवली. मग म्हणाली, "असं स्तोत्र आहे? शेवटी उजेड नसलेलं?" मी म्हटलं, आहे. ती खोलीत गेली, तिचं पुस्तक घेऊन आली. फोनवर वाचत नाही, एवढं तरी तुमचं तिच्यात उतरलं आहे. गॅसजवळ उभी राहून तिने ते मोठ्याने वाचलं. डाळीच्या कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, तेव्हा थांबायची आणि पुन्हा त्याच ओळीपासून घ्यायची. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे छापलंय? आणि इतक्या वर्षांत कोणी काढून नाही टाकलं?"

"नाही काढलं."

"म्हणजे याला पण काही आडवं येत होतं?"

"त्यात कुठेच तसं लिहिलेलं नाही. तो फक्त रोज हाक मारतो."

ती रडली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तसं लिहायचा मोह मला झाला. तिने पुस्तक मिटून ओट्यावर ठेवलं, मग तिथे ओलं होतं म्हणून उचलून छातीशी धरलं आणि म्हणाली, "बरंय. म्हणजे मी एकटी नाही."

आता आपल्या भांडणाकडे येते. तुम्ही मला एकदा उरणला प्लांटवर नेलं होतं, कर्मचाऱ्यांच्या मुलांचा दिवस होता. तुमच्या इन्स्ट्रुमेंट विभागात पाइपांवर ओळीने दाब मोजणारे प्रेशर गेज होते, काचेआड काटे. त्यातला एक काटा शून्यावर होता. मी म्हटलं, यात काही नाही. तुम्ही काचेवर बोटाच्या पेराने टिचकी मारलीत, काटा थरथरला आणि वर गेला. "काटा हलत नाही म्हणजे दाब नाही असं नाही," तुम्ही म्हणालात. "काटा अडकतो. दाब असतोच." पुढच्याच रविवारी मंडळीत उपदेशाची पाळी तुमची होती, तेव्हा तुम्ही तेच सांगितलंत. देवाचं प्रेम म्हणजे पाइपातला दाब, आपल्या भावना म्हणजे काटा, आणि काट्यावर विश्वास ठेवणारा मूर्ख. देव लहरी नाही, म्हणून तर त्याच्यावर भार टाकता येतो, असं तुम्ही म्हणायचात. आज त्याला आपल्याविषयी काही वाटतं आणि उद्या वाटत नाही, असा देव कोणाला हवा आहे? लहानपणी मला भीती वाटायची तेव्हा हे मला पुरायचं. तुमच्या नातीला यातलं निम्मं आज औषधासारखं हवं आहे, आणि ते मी तिला देते आहे. काटा अडकला आहे एवढंच झालं आहे, असं मी तिला काल सांगितलं. ब्रदरनी दाबच नाही असं समजून पाइप खोलायला लावला. ते चुकले.

पण तुम्हीही चुकलात, पप्पा. काटे निरुपयोगी असते तर तुमच्या विभागाला पगार कशाला मिळाला असता? तुम्ही जन्मभर दुसऱ्यांचे काटे नीट केलेत आणि आपल्या घरातल्या काचांना रंग फासलात. मी तेरा वर्षांची असताना माझ्या आत काय चाललं होतं, ते कोणालाच वाचता येत नव्हतं. मलाही नाही. तुमच्या नातीच्या पहिलीतल्या तापानंतर प्रार्थनेत मला काही वाटलेलं नाही, ते विश्वास खोल आहे म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घालत आले. ते खरं आहे का, हे मला माहीत नाही. कदाचित ती फक्त तुमची सवय असेल.

आणि आशेचं म्हणाल, तर मला एकच गोष्ट विचारायची आहे. मेलेल्या लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू उभा होता तेव्हा आपण पुढे काय करणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. थोड्याच वेळात तो त्याला हाक मारून बाहेर बोलावणार होता. आशा त्याच्याकडे होती, आपल्याकडे आहे त्याहून कितीतरी जास्त. तरी लाजराच्या बहिणींना रडताना बघून तो रडला. कोणाचं मनगट धरल्याचं तिथे लिहिलेलं नाही. तुम्ही शेकडो वेळा तो उतारा वाचला असेल. त्या दिवशी दफनभूमीत तो तुम्हाला का आठवला नाही? पौलाने मंडळीला लिहिलं ते, आशा नसलेल्यांसारखं दुःख करू नका, एवढंच तुम्हाला आठवलं. पण आशा असलेल्यांसारखं दुःख कसं करायचं, ते तुम्ही मला शिकवलं नाहीत.

की शिकवलंत? इथे मी अडकते. दफनभूमीत तुम्ही दुःख वगळलंत. घरी, संध्याकाळी, सगळे वगळा म्हणत असताना तुम्ही वगळलं नाहीत. मुद्दाम केलंत असं मी म्हणणार नाही, तो क्रमच होता. पण आपल्याला हवं तेच वाचायचं असं ज्या घरात असतं, तिथे त्या दिवशी मेंढपाळ आला असता, हिरवी कुरणं आली असती, आणि त्या चटईवरच्या मला वाटलं असतं की माझ्या आतल्या काळोखाला देवाच्या पुस्तकात जागा नाही. तुमच्या हट्टामुळे मला कळलं की आहे. कळायला इतकी वर्षं लागली आणि तिने मोठ्याने वाचावं लागलं, एवढंच.

येत्या उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, तीन तासांच्या उपासनेत मला बोलायचं आहे. येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जणांना वाटून दिले आहेत. चौथा माझ्याकडे आला आहे, देवाने मला का सोडलं असं विचारणारा. गेला महिनाभर मी त्यावर विचार करते आहे आणि कालपर्यंत माझ्याकडे तुमचीच टिपणं होती. काल शेंगा सोलताना मला दिसलं की ती आरोळी त्याची स्वतःची आहे आणि ते शब्द बाविसाव्या स्तोत्राचे आहेत. प्राण जाताना त्याला नवे शब्द सुचले नाहीत. लहानपणी घरात ऐकून पाठ झालेले शब्द त्याच्या तोंडी आले. पाठ नसते तर ओरडायला काही उरलं नसतं. आणि ओरडायचंच नसतं तर पाठ करून काय उपयोग होता? तुम्ही आणि कळंबोलीचे ब्रदर समोरासमोर बसला असतात तर एकमेकांना कधीच पटला नसतात. मला वाटतं, त्या एका आरोळीत तुम्हा दोघांचं खरं आहे.

तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "शुक्रवारी हेच बोलणार? मग मी येते. मागे बसेन."

"ये."

"पण मम्मी, शेवटी गोड करू नकोस हं. तुमच्याकडे नेहमी शेवटी गोड करतात. तसं केलंस तर मी उठून जाईन. आणि ईस्टरच्या प्रभुभोजनाचं मला आत्ता विचारू नकोस."

मी विचारलं नाही. ती उठून गेली तर ती नुसत्या उपासनेतून जाणार नाही, हे आम्हा दोघींना कळत होतं.

आज दुपारी ऑफिसात असताना पाळकसाहेबांचा फोन आला. माणूस चांगला आहे, तुम्ही गेल्यावर मंडळीत दोन पाळक झाले, त्यांच्यानंतर आलेला, तुम्हाला ओळखत नाही. म्हणाले, "ताई, चौथा उद्गार जरा जड आहे. लोकं उपाशी असतात, उन्हातून येतात. त्या आरोळीवर फार थांबू नका, लगेच पुनरुत्थानाकडे वळा. धीर येईल असं बोला."

मी म्हटलं, "बघते."

पप्पा, बघण्यासारखं काही नव्हतं. मला तेव्हाच नाही म्हणायचं होतं आणि मी बघते म्हटलं. ऑफिसात माणसं होती, हे कारण खरं नाही. वडीलधारं कोणी पुरे म्हटलं की मी अजूनही गप्प होते.

हे कुठे पाठवायचं नाही आणि पाठवायला जागाही नाही. डायरीतच राहील. मिटण्याआधी एक सांगते. दफनभूमीत तुम्ही माझं मनगट धरलंत तेव्हा तुमचा हात थरथरत होता, असं मी पूर्वी एकदा डायरीत लिहिलं होतं. वाचायला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी ते खोडलं, कारण मला तसं आठवत नाही. आजही आठवत नाही. आठवावं असं मात्र फार वाटतं.

उद्या: पाळकसाहेबांना फोन. शुक्रवारी मी ईस्टरच्या रविवाराकडे वळणार नाही, हे सांगायचं.